रेडिएटरचे झाकण: घाट चढण्याआधी एकदा पाहावे असे काही

बालाघाट शहर मागे पडले की बैहरकडे जाणारा रस्ता दाट जंगलातून चढू लागतो आणि पुढे उकवा गाव येते. मध्य प्रदेशातील हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ओळखले जाते. खाण ‘मॉईल’ या सार्वजनिक कंपनीची असून कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. गोंदियामार्गे कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे निघालेले पर्यटकही याच वाटेने जातात. बालाघाट या नावातच घाटावरचा प्रदेश असा अर्थ दडलेला आहे. खनिजाने भरलेला ट्रक असो वा सामानासह पाच माणसे बसलेली मोटार, उन्हाळ्यात अशा चढणीवर इंजिनाची खरी परीक्षा होते. चोर्ला किंवा अनमोड घाट नेहमी ओलांडणाऱ्या गोव्यातील वाहनचालकांना हा अनुभव नवा नाही.

गाडी तापली की संशय जातो तो पंख्यावर, वॉटर पंपावर किंवा थर्मोस्टॅटवर. रेडिएटरच्या तोंडावरील लहानशा झाकणाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हे झाकण धूळ अडवण्यासाठी किंवा पाणी सांडू नये एवढ्यासाठीच नसते, तर ते दाबाचे नियमन करणारी झडप असते.

कुकरचेच तत्त्व

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. दाब वाढवला की उकळण्याचा बिंदूही वर सरकतो. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. मोटारीच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा किती अधिक दाब ते झाकण आत राखू शकते, हे तो आकडा सांगतो. ०.९ च्या झाकणाखाली साधे पाणीदेखील सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. योग्य प्रमाणात कूलंट मिसळलेले असेल, तर ही मर्यादा आणखी वाढते.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो. साधारणपणे दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. झाकणाचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजला जात असल्याने घाटमाथ्यावर आतला एकूण दाबही तितकाच घटतो. म्हणजे इंजिनावर भार सर्वाधिक असतो, नेमके तेव्हाच हाताशी असलेले अंतर थोडे कमी होते. झाकण कमजोर असेल तर ते पुरतेच संपते.

एका झाकणात दोन झडपा

झाकण उलटे करून पाहिल्यास स्प्रिंगने दाबलेली एक चकती आणि तिच्याखाली रबरी वॉशर दिसतो. ही दाबाची झडप होय. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचे कूलंट बारीक नळीतून बाजूच्या बाटलीत जाते. चकतीच्या मध्यभागी दुसरी छोटी झडप असते. इंजिन थंड होताना आतले द्रव आकुंचन पावते व पोकळी निर्माण होते. तेव्हा ही झडप उघडते आणि बाटलीतील कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढले जाते.

स्प्रिंग सैल झाली वा रबर कडक झाले तर दाब टिकत नाही. कूलंट कमी तापमानालाच उकळते. इंजिनाच्या हेडभोवती वाफेचे बुडबुडे जमतात आणि वाफेला द्रवाइतकी उष्णता वाहून नेता येत नाही. परिणामी हेड वाकते, गॅस्केट जळते आणि झाकणाच्या किमतीच्या कित्येक पट खर्चाचे काम निघते. याउलट झडप अडकून बसली तर वाढलेला दाब होज पाइप किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फोडतो.

बिघाडाच्या खुणा

- झाकणाभोवती पांढरे वा तांबूस डाग, सुकलेल्या कूलंटचे थर.
- रबराला भेगा, कडकपणा किंवा खोल वळ.
- गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप आत चेपलेला दिसणे. दुसरी झडप उघडत नसल्याची ही खूण असते.
- बाटली भरत जाणे, पण रेडिएटरमधील पातळी उतरणे.

पंपाला गेज जोडलेल्या साध्या उपकरणाने गॅरेजमध्ये झाकणाचा दाब तपासता येतो. सदोष झाकण दुरुस्त करीत बसू नये, ते बदलावे. नवे झाकण गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याचेच घ्यावे. ‘जास्त दाबाचे अधिक चांगले’ हा समज चुकीचा आहे, कारण जुने पाइप तो वाढीव दाब सोसतीलच असे नाही. अनेक नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते. तिथे आटे असलेले झाकण कूलंटच्या टाकीवर असते आणि ती टाकीही दाबाखालीच असते.

वाटेतल्या हातपंपाचे किंवा विहिरीचे पाणी केवळ अडचणीतच वापरावे. त्यातील क्षार झडपेवर व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. नंतर ते काढून शुद्ध पाणी व कूलंट यांचे मिश्रण भरून घ्यावे.

गरम झाकणाला हात नको

तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे. वाफ दिसत असेल तर इंजिनही बंद करावे. आतले द्रव १०० अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळलेले नसते. झाकण फिरवताच दाब सुटतो, द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती चेहऱ्यावर व हातांवर उसळते. किमान अर्धा तास थांबून वरचा होज पाइप जाड कापडाने दाबून पाहावा. तो गरम वा ताठ असेल तर आणखी थांबावे. मऊ पडल्यावर झाकणावर कापड टाकून, चेहरा दूर ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच ते उघडावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

लांबच्या प्रवासाआधी टायरची हवा व तेल पाहिले जातेच. त्याच वेळी, सकाळी इंजिन थंड असताना, झाकण काढून रबर पुसावे, स्प्रिंग बोटाने दाबून पाहावी आणि कूलंटची पातळी तपासावी. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.