हातच्याची वजाबाकी ते अकरावी : हिंगोलीची पंचवीस वर्षे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. हळद, सोयाबीन, कापसाचा हा मुलूख. दिवाळी उरकली की ऊसतोडीला बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबांचाही. जिल्हा झाला त्या वर्षी जन्मलेली मुले जून २००५ मध्ये पहिलीत बसली, मार्च २०१५ मध्ये दहावीला आणि २०१७ मध्ये बारावीला. अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी सरकारी शाळेने या काळात काय केले, हे पाहायचे तर जिल्ह्याच्या वयाच्या या मुलांचे बोट धरून चालत जावे.

ती पहिलीत गेली तेव्हा जिल्ह्याच्या कपाळी ‘मागास’ हा शिक्का बसलेला होता. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात तळाला असलेल्या जिल्ह्यांत हिंगोली होती. त्या अहवालाचा आधार घेऊन २००६ मध्ये राज्य सरकारने बारा जिल्ह्यांसाठी मानव विकास मिशन सुरू केले. त्याचे मुख्यालय औरंगाबादला होते आणि बारांत हिंगोलीचा समावेश होता. दहावी-बारावीत नापास झालेल्यांसाठी विशेष शिकवणी वर्ग हा त्यातला एक कार्यक्रम. नापास मुलाचा विचार सरकारने वेगळा पैसा ठेवून केला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

२०११ मध्ये मिशनचा विस्तार झाला. माध्यमिक शाळांत अभ्यासिका आल्या, आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि एसटीच्या निळ्या गाड्या वाडीवस्तीच्या रस्त्याला लागल्या. मुली या गाडीला आजही ‘मानव विकासची बस’ म्हणतात. सातवीनंतर घरी बसणारी मुलगी या गाडीने दहावीपर्यंत पोहोचली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के होती आणि राज्याची ८२ टक्क्यांवर. हे अंतर कमी करण्यात शाळेपर्यंतच्या वाहनाचा वाटा मोठा आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवे.

मात्र शाळेत पोहोचलेली मुलगी वर्गात काय शिकते, हा प्रश्न बसने सुटणारा नव्हता. दहावीत नापास झाल्यावर मिळणारी जादा शिकवणी उशिरा पोहोचत होती. त्या मुलाचे बोट सुटले होते ते तिसरी-चौथीत.

ते नेमके कुठे सुटते, हे पाटीवर पाहता येते. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले की मागे पडलेला मुलगा शांतपणे ३५ लिहितो. त्याने पाचातून दोन काढले, तीन उरले. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. आळस किंवा निष्काळजीपणा यात कुठेच नाही. मोठ्यातून लहान काढायचे, हा त्याने स्वतःपुरता बसवलेला नियम आहे आणि तो प्रत्येक गणिताला इमानाने लावतो. गुरुजींनी फुली मारून २५ लिहून दिले तर तो २५ उतरवून घेतो आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करतो. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावला, तर हातचा म्हणजे काय ते त्याला कळते. त्याला वीस मिनिटे लागतात. पण ती वीस मिनिटे पाचवीच्या वर्गात मिळत नाहीत, कारण पाचवीचे पुस्तक तोवर अपूर्णांकांपर्यंत गेलेले असते.

देशभर अशी चाचणी घराघरांत जाऊन घेण्याचा प्रघात २००५ मध्येच, म्हणजे ही मुले पहिलीत गेली त्याच वर्षी, ‘असर’ पाहणीने पाडला. तिचे साधन एका कागदावर मावते : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि एका अंकाने भागाकार. ही पाहणी करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत झाली. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वस्तीतलीच एखादी तरुणी शिकवी. तिला बालसखी म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास केला. मुलांचे गुण ठळकपणे वाढल्याचे त्यांना आढळले. गरिबी निर्मूलनाच्या ज्या प्रयोगशील अभ्यासपद्धतीसाठी त्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तिच्या पहिल्या उदाहरणांत मुंबईच्या पालिका शाळांतली ही मुले होती. वयाप्रमाणे बसवण्यापेक्षा येते तिथून शिकवा, असा या कामाचा गाभा होता.

हिंगोलीची ती मुले पाचवी संपवत असताना १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही, असे त्यात ठरले. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही आले. कायद्याच्या चौथ्या कलमात शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हेतू चांगला होता. नापासाच्या भीतीने शाळा सोडणाऱ्या मुलांना त्याने थांबवले. पण नापास करणे थांबले तसे मुलाला काय येत नाही हे शोधणेही अनेक वर्गांत थांबले. नोंदवहीत श्रेणी भरली जाई आणि मूल पुढच्या वर्गात जाई.

शेजारच्या नांदेडमध्ये याच सुमारास वेगळाच धडा मिळत होता. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षांत कॉपीमुक्तीची मोहीम कडकपणे राबवली, निकाल खाली आले आणि ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर गाजला. खिडकीतून येणारी चिठ्ठी बंद झाल्यावर मुलांची खरी पातळी कागदावर उतरली. परीक्षा स्वच्छ झाली, हे मोठेच काम. त्या पातळीवरून मुलांना वर आणण्याचे काम मात्र प्राथमिक शाळेतच व्हायला हवे होते.

जिल्ह्याच्या वयाची मुले मार्च २०१५ मध्ये दहावीला बसली. त्याच वर्षी राज्यात पहिल्यांदा नापास विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैमध्ये झाली. ज्यांचा एखादा विषय राहिला, त्यांचे वर्ष वाचले. आणि ही मुले शाळेबाहेर पडत असताना, २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय निघाला. पायाभूत चाचण्या सुरू झाल्या आणि प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे हा आग्रह पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत पोहोचला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. परतलेल्यांनी फरशीवर अंकपट आखले, काड्या-मण्यांचे संच जमवले. त्यासाठी असंख्य शिक्षकांनी स्वतःच्या खिशाला खार लावली, लोकवर्गणी गोळा केली. चुकले ते एवढेच की शाळा ‘प्रगत’ झाल्याचा आकडा वर कळवायची घाई सुरू झाली, आणि आकड्याची घाई झाली की हळू शिकणारे मूल अडचणीचे वाटू लागते.

दहावीच्या निकालांकडे पाहिले तरी हे समजते. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. अंतर्गत गुण काढून टाकल्यावर २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० मध्ये ९५.३० झाला. दोन वर्षांत मुले एवढी बदलत नाहीत. बदलली ती मोजपट्टी.

या मोजपट्टीतून सुटून मूल अकरावीत जाते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ‘त्वरण’ आणि ‘गुणसूत्र’ शिकलेल्या मुलीला अकरावी विज्ञानात तेच ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘क्रोमोझोम’ म्हणून भेटतात. कल्पना पक्की असेल तर दोन महिन्यांत ती शब्द ओलांडते. तीच डळमळीत असेल तर पुस्तकासमोर गप्प बसते आणि दिवाळीनंतर कला शाखेची चौकशी करते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले लातूर-नांदेडच्या क्लासला जातात. बाकीच्यांसाठी गावाजवळचे महाविद्यालय असते. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांतले एक. हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या हुतात्म्याचे नाव लावणारे. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. आता शुल्काची अडचण नसेल. प्रवेशापर्यंत पोहोचवणारे गणित आणि इंग्रजी मात्र शाळेलाच द्यावे लागेल.

‘असर’ने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाची देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांत पाहणी केली. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे निम्म्याहून अधिकांना जमले नाही. तरी यातली ८६ टक्क्यांहून अधिक मुले शाळा-महाविद्यालयांत दाखल होती. नाव पटावर आणि मूल वर्गाबाहेर, अशी ही अवस्था आहे.

मधे करोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला. कृतिपत्रिका नेटक्या होत्या, तीन चाचण्याही होत्या. पण तो मागच्या इयत्तेवर आधारलेला होता. सहावीतल्या ज्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, त्याला पाचवीची उजळणी पुरणार नव्हती.

तरी निराश होण्याचे कारण नाही. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे देशातले प्रमाण ‘असर’नुसार २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ झाले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने पायाभूत वाचन-गणनाला पहिल्यांदा राष्ट्रीय उद्दिष्टाचे स्थान दिले. महाराष्ट्राने ५ मार्च २०२५ रोजी दुसरी ते पाचवीसाठी निपुण कृती कार्यक्रम काढला. दरम्यान पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षाही परत आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा अशी सोय तिच्यात आहे. या जादा मार्गदर्शनाचे जूनच्या सुट्टीत उरकायचे काम झाले, तर गाडी पुन्हा जुन्याच चाकोरीत जाईल.

पंचवीस वर्षांतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. उपचारात्मक अध्यापन ही दहावीच्या उंबरठ्यावर करण्याची धावपळ राहिली तिथे ते फसले. रोजच्या वेळापत्रकातला एक तास, इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसलेले गट आणि महिन्याने पुन्हा तपासणी, एवढे जिथे टिकले तिथे मुले वर आली. त्यासाठी शिक्षक वर्गात हवा. जनगणना, मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहितीच्या मागे धावणारा शिक्षक हा तास घेऊ शकत नाही. तांड्यावर घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला मराठीत आणणारे धीराचे दिवस हवेत. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू व्हायला हवीत. कोयता निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह कुणाच्या उपयोगी पडत नाही.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ती २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवून. जून २०२० मध्ये, शाळा बंद असताना ज्यांची नावे पहिलीच्या पटावर चढली आणि ज्यांनी वर्ग पाहिला तो १ डिसेंबर २०२१ रोजी थेट दुसरीत, ती औंढ्याची, सेनगावची, कळमनुरीची मुले २०२४-२५ मध्ये पाचवीत होती. ती दहावीची परीक्षा देतील मार्च २०३० मध्ये.