कल्याणात शिकलेला पोरगा आणि ल्यूथरची वाट

रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणजे शाळेच्या पुस्तकातले कवी, एवढंच आपल्याला ठाऊक. पण त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं आपल्या कल्याणात, १८६९ ते ७३च्या सुमारास!

टिळक पुढे ज्या पंथात गेले, तो समजून घ्यायला आता जरा जर्मनीत जाऊ. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं चर्च विकत होतं. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या संन्यासी प्राध्यापकाने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. मुक्ती श्रद्धेने मिळते, विकत नाही, हे त्याचं म्हणणं. बायबल त्याने लोकांच्या जर्मन भाषेत आणलं, प्रार्थनेत लोकांना गायला लावलं. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात ती.

याच पंथाच्या अमेरिकन मराठी मिशनमार्फत टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निमित्त काय, तर १८९३च्या आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला 'नवा करार'. घरात केवढा हलकल्लोळ झाला, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचाच. (माझ्या मते मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र. भांडायला तयार आहे!)

खरी गंमत पुढे आहे. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गाणी टिळकांना रुचेनात. त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, टाळ-मृदंगाचं कीर्तन आणलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं.