तालुक्याच्या ग्रंथालयाचे कपाट

ग्रंथालयात पुस्तके किती आहेत याची मोजदाद नेमाने होते. ती कोणती आहेत याची चौकशी मात्र क्वचितच केली जाते. वास्तविक तालुक्याच्या गावी वाचक टिकेल की नाही, हे संख्येपेक्षा निवडीवर अधिक अवलंबून असते.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता देऊन अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार अनुदान देण्याची व्यवस्था त्यामुळे रूढ झाली. तिचे उपकार मान्य करावयासच हवेत. खेडोपाडी वाचनालये उभी राहिली ती तिच्याच आधाराने. परंतु वर्ग ठरविताना ग्रंथसंख्येलाही महत्त्व असल्याने, थोडक्या पैशांत पुष्कळ पुस्तके घेण्याचा मोह कार्यकारी मंडळांना पडतो. मग मार्चअखेरीस घाऊक गठ्ठे येतात, दाखलनोंदवहीत आकडे वाढतात आणि पुस्तके कपाटात तशीच राहतात.

या मोहातून दोन प्रकारचा असमतोल निर्माण होतो. कोठे केवळ करमणुकीच्या कादंबऱ्यांची भरती असते, तर कोठे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांनी साहित्याला हुसकावून लावलेले असते. परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला अशी पुस्तके हवीतच. परंतु जी व्यक्ती उद्या तहसील कचेरीत बसून दुष्काळाचे पंचनामे करणार आहे, तिने दुष्काळात होरपळणाऱ्या घराची कथा कधी वाचलीच नाही, तर तिच्या ज्ञानात मोठी उणीव राहील. उलट, केवळ कथा वाचून हळहळणाऱ्याला त्या दुःखाची कारणे कळत नाहीत. ललित आणि वैचारिक वाङ्मय ही एकमेकांची पूरक अंगे आहेत, असे म्हणावे लागते ते यासाठी.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगावचे उदाहरण घ्यावे. एका बाजूस जायकवाडीचा जलाशय, दुसऱ्या बाजूस पावसावर भिस्त ठेवणारी कोरडवाहू शेती आणि हंगाम येताच ऊसतोडणीसाठी घर सोडणारी कुटुंबे, असा हा तालुका. सुशिक्षित बेकार शेतकरीपुत्राची कहाणी सांगणारी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी विदर्भातील असली, तरी येथील तरुणाला ती परकी वाटणार नाही. २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या शेजारीच महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवावा. एक पुस्तक शेतकऱ्याच्या घरात नेते, दुसरे त्या घराच्या दैन्याचा कार्यकारणभाव उलगडते.

अशी निवड करण्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. शेवगावशेजारच्या नेवाशाशी ‘ज्ञानेश्वरी’ची परंपरा जोडलेली आहे. राहुरी आणि नगर येथे वास्तव्य केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी, शाळेचे रीतसर शिक्षण नसतानाही, ‘स्मृतिचित्रे’ हे अजोड आत्मचरित्र लिहिले. अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाला आपल्याच गावाची दुसरी बाजू दिसली. नगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा आपला विख्यात ग्रंथ लिहिला. हे सारे ग्रंथ एका फळीवर मांडले, तर विद्यार्थ्याला आपला जिल्हा मागासपणाच्या बातम्यांपलीकडे दिसू लागेल.

अर्थात जिल्ह्याच्या सीमेवर निवड थांबता कामा नये. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, अनिल अवचटांचे ‘माणसं’ ही सारी सामान्य वाचकाला झेपणारी आणि त्याला किंचित वर उचलणारी पुस्तके आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा विचार ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालीच मांडला होता. त्याचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की खरेदीपूर्वी वाचकांना ओळखावयास हवे.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वाचकांच्या सूचनांसाठी एक वही असावी व ती खरोखरच वाचली जावी. ग्रंथनिवडीच्या समितीत शिक्षकांबरोबर एखादी गृहिणी, एखादा शेतकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी असावा. खरेदी वर्षाअखेरीस एकदम न करता थोडीथोडी करावी. शिक्षकांनी महिन्यातून एकदा एक कादंबरी आणि एक माहितीपर ग्रंथ यांची जोडीने ओळख करून दिली, तर पुस्तके कपाटाबाहेर पडतील.

अनुदान लोकांच्या करातून येते. त्यातून घेतलेले आणि कोणीच न वाचलेले पुस्तक हिशेबाच्या तपासणीत निर्दोष ठरेलही. पण ज्या वाचकासाठी ते घेतले, त्याच्या दृष्टीने तो पैसा वायाच गेलेला असतो.