दोरीवाचून चालणारे पिल्लू : समज आणि वस्तुस्थिती

तीन महिन्यांचे पिल्लू अंगणात मोकळे सोडले असता ते धन्याच्या पायांत घोटाळत राहते, चार पावले पुढे गेले तरी वळून पाहते, आणि ते पाहून धन्याची अशी खात्री पटते की, श्वानजातीच्या ठायी इमान उपजतच असल्यामुळे याला निराळ्या शिक्षणाची आवश्यकता नाही. वस्तुतः हे इमान नसून शैशवातील परावलंबन असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास पिल्लू वयात येऊ लागले म्हणजे दूरच्या वासांची आणि हालचालींची ओढ प्रबळ होते, आणि कालपर्यंत एका हाकेसरशी धावत येणारे तेच जनावर ऐकून न ऐकल्यासारखे करते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, ‘बस’ ही आज्ञा कुत्री पाचव्या महिन्यापेक्षा आठव्या महिन्यात अधिक वेळा डावलतात, आणि तीही परक्याची नव्हे, तर ज्याच्या घरी ती वाढली त्याचीच. दोरी कायमची सोडून देण्याचा मोह बहुधा याच वयाच्या उंबरठ्यावर होतो, म्हणून तो आवरणे अगत्याचे आहे.

उशिरा आलेल्या पिल्लाला शासन केले म्हणजे पुढल्या खेपेस ते वेळेवर येईल, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. पिल्लू शिक्षेचा संबंध लगतच्या कृतीशी जोडते. आणि लगतची कृती पळून जाणे ही नसते, परत येणे ही असते. मार न देणारेही नकळत हीच चूक करतात : खेळ ऐन रंगात असताना हाक मारावयाची ती केवळ दोरी अडकवून घरी नेण्यासाठी, असा क्रम पडला की हाक म्हणजे आनंदाचा शेवट, हे पिल्लू चटकन ओळखते. यास्तव एकाच फेरीत अनेकदा बोलवावे, आवडीचा खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळण्यास मुभा द्यावी. खाऊ देणे ही लाच होय, हा आक्षेपही टिकत नाही. लाच कामाआधी दाखवली जाते, हा तर काम पुरे झाल्यावर चुकता केलेला मुशाहिरा आहे.

मधल्या काळासाठी पाच ते दहा मीटरांची लांब दोरी उपयोगी पडते. ती गळपट्ट्याला न बांधता छातीवरच्या हार्नेसला बांधावी, म्हणजे धावत्या पिल्लाच्या मानेला हिसका बसत नाही.

सर्व जातींना एकच नियम लागू पडतो, असेही नाही. आपल्याकडील कारवानी कुत्रा नजरेने शिकार हेरून तिच्या मागे धावण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला. ससा दिसताच त्याला हाक ऐकू आली नाही, तर त्यात त्याचा कसूर नाही.

जनावर आपले, तेव्हा त्याला कोठे सोडावे हाही आपलाच अखत्यार, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ताब्यातील प्राण्यापासून कोणाच्या जीविताला धोका अथवा गंभीर दुखापत संभवत असता पुरेसा बंदोबस्त न ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये अपराध आहे. उलटपक्षी, कुत्र्याला सदैव बांधून ठेवून पुरेसा व्यायाम न देणे हाही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाच ठरतो. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, पिल्लाला मोकळे जरूर धावू द्यावे, परंतु कुंपण असलेल्या जागी. वाहनांच्या रस्त्यावर ते कितीही सुशिक्षित असले तरी दोरी हातातून सोडू नये.