चित्रनिर्मात्याचें स्वातंत्र्य



“मला चित्रपट काढावयाचे आहेत,” असें घरांतील मुलगा किंवा मुलगी बोलून गेली, कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ही आठी अगदींच अस्थानीं नसते. तेव्हां या धंद्यांत स्वतंत्रपणें उभें राहणें म्हणजे काय, याचा आज थोडा विचार करूं. उदाहरण लातूरचेंच घेऊं.

प्रथम दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. कथा पडद्यावर कशी दिसावी हें दिग्दर्शक ठरवितो. ती मुळांत पडद्यावर यावी कीं नाहीं, हें निर्माता ठरवितो. भांडवल तोच उभारतो, आणि चित्रपट पडला तर खोटहि त्यालाच सोसावी लागते. हा निर्णय आणि ही खोट जो आपल्या शिरावर घेतो, तो स्वतंत्र निर्माता. आपल्याकडे या कलेचा पाया अशाच पुरुषानें घातला. दादासाहेब फाळके यांनीं विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलें, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. निर्माताहि तेच आणि दिग्दर्शकहि तेच.

नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. ‘प्रभात’ १९२९ मध्यें कोल्हापुरास निघाली, १९३३ मध्यें पुण्यास गेली; मोठे स्टुडिओ मुंबईस. चित्रनिर्मितीचीं हीं सारीं केंद्रें आमच्यापासून दूर. हें अंतर मनांत ठेवून रितेश देशमुख यांची वाटचाल पाहावी.

त्यांचा जन्म १९७८ सालीं लातूरला झाला. शिक्षण मुंबईंत, तेंहि स्थापत्याचें. २००३ मध्यें ‘तुझे मेरी कसम’ या चित्रपटानें ते हिंदी पडद्यावर आले, आणि विनोदी भूमिकांनीं त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. हिंदींत मिळविलेली ही पत त्यांनीं पुढें मराठींत गुंतविली. भागीदारांसह त्यांनीं काढलेला पहिला मराठी चित्रपट म्हणजे २०१३ चा ‘बालक-पालक’. त्याचे दिग्दर्शक रवी जाधव. चाळींतील चार वाढत्या वयाचीं मुलें. त्यांच्या मनांत शरीरधर्माविषयीं प्रश्न येतात. वडील माणसें उत्तर देत नाहींत, म्हणून तीं भलतीकडे उत्तर शोधूं लागतात. असा विषय मध्यमवर्गीय कुटुंबापुढें मांडण्यास धैर्य लागतें. पाठोपाठ २०१४ मध्यें ‘यलो’ आला. महेश लिमये यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटांत डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या एका जलतरणपटूची खरी कथा आहे, आणि त्या मुलीनें, गौरी गाडगीळ हिनें, स्वतःचीच भूमिका केली आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास परीक्षकांचा विशेष पुरस्कार लाभला.

त्याच वर्षीं ‘लय भारी’मध्यें ते स्वतः मराठी नायक झाले, आणि २०१७ मध्यें भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ पडद्यावर आला. दिग्दर्शन मात्र दरवेळीं दुसऱ्याकडे. स्वतः त्या आसनावर ते बसले २०२२ च्या डिसेंबरांत, ‘वेड’च्या वेळीं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षें त्यांनीं खर्चाचें ओझें आधीं वाहिलें, आणि मग दिग्दर्शन हातीं घेतलें. ‘वेड’ची कथाहि ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटावरून घेतलेली, लोकांच्या पसंतीस उतरलेली. पहिल्याच पावलाला त्यांनीं सावधपणा सोडला नाहीं.

येथें एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. त्यांचे वडील विलासराव देशमुख हे राज्याचे मुख्यमंत्री होते. असा आधार नांदेडच्या एखाद्या शिक्षकाच्या मुलाला मिळणार नाहीं. फाळक्यांजवळहि तो नव्हता. त्यांच्यापाशीं कसब होतें, आणि सरस्वतीबाईंसारखी अर्धांगिनी फिल्म धुण्यापर्यंत सर्व कामांत पाठीशीं उभी होती. आधार मिळाला म्हणजे खोट सोसणें सुलभ होतें; परंतु कोणत्या विषयावर ती सोसावयाची, हा प्रश्न दोघांनाहि सारखाच सोडवावा लागला.

म्हणून घरांतील मुलानें हा मार्ग बोलून दाखविला, तर त्याला एकदम गप्प करूं नये. त्याला दोन प्रश्न विचारावे: कोणती गोष्ट सांगावयाची आहे? आणि चित्रपट चालला नाहीं, तर कर्ज कोण फेडणार? या दोहोंचीं उत्तरें जो शांतपणें देऊं शकेल, त्याच्या पाठीशीं घरानें अवश्य उभें राहावें.