नाव गाळले, तरी ओळख उरते

रुग्ण आपल्या प्रकृतीविषयीची अत्यंत खाजगी माहिती विश्वासाने डॉक्टरांना सांगतो. अशा हजारो नोंदींच्या अभ्यासातून रोगांची कारणे आणि उपचारांचे गुणदोष कळतात. म्हणून त्या संशोधकांना मिळणे समाजहिताचे असते. मात्र त्यातून कोणाची ओळख उघड होता कामा नये. केवळ नाव व पत्ता गाळल्याने हे साधते का?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात या प्रश्नाची कसोटी लागली. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा पाहणाऱ्या संस्थेने उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या. जन्मतारीख, लिंग व टपाल विभागाचा क्रमांक मात्र त्यांत तसेच राहिले. १९९७ मध्ये लटान्या स्वीनी या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली. तीत नावांसोबत हेच तीन तपशील होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांची जन्मतारीख असलेले सहा मतदार निघाले. त्यांपैकी पुरुष तीन आणि गव्हर्नरांच्या टपाल विभागातील फक्त एक! अशा रीतीने त्यांची वैद्यकीय नोंद ओळखता आली. एकेक तपशील अनेकांना लागू पडतो; परंतु ते एकत्र आले, की एकच व्यक्ती उरते.

अमेरिकेच्या १९९६ च्या 'हिपा' कायद्याखालील गोपनीयतेचे नियम २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००३ पासून त्यांचे पालन बंधनकारक झाले. त्यांत दोन मार्ग सांगितले आहेत. पहिल्या मार्गात नाव, दूरध्वनी क्रमांक, बोटांचे ठसे, चेहऱ्याचे छायाचित्र असे १८ प्रकारचे तपशील काढावे लागतात. तारखांमधील केवळ वर्ष ठेवता येते. टपाल क्रमांकाचे पहिले तीन अंक ठेवता येतात. तेही त्या अंकांच्या प्रदेशात २०,००० हून अधिक लोक राहत असतील तरच. ८९ वर्षांपेक्षा अधिक वयाचे सर्वजण एकाच गटात दाखवले जातात. कारण अशा व्यक्ती थोड्या असल्याने सहज ओळखू येतात. दुसऱ्या मार्गात संख्याशास्त्राचा जाणकार नोंदी तपासतो आणि ओळख पटण्याचा धोका अत्यल्प असल्याचे कारणांसह लेखी नमूद करतो.

या दक्षतेची किंमतही मोजावी लागते. केवळ वर्ष ठेवले, तर साथ कोणत्या आठवड्यात पसरली हे समजत नाही. म्हणजेच तपशील जितके कमी, तितका अभ्यास स्थूल. तरीही ही दक्षता अनाठायी नाही. आपले गुपित फुटेल अशी भीती वाटली, तर रुग्ण डॉक्टरांपासूनच माहिती लपवील. मग उपचारही चुकतील आणि संशोधनही. रुग्णाची गोपनीयता राखणे हा म्हणूनच संशोधनातील अडथळा नसून त्याचा आधार आहे.