मोबाईलमधले ॲप संगणकावर का चालत नाही?

अनेक विहारांत आता अभ्यासिका आहेत. कुणीतरी दान दिलेला एखादा जुना संगणक तिथे असतो आणि मुलांच्या हातात मोबाईल असतो. मग हमखास प्रश्न येतो: फोनमधले ॲप या मोठ्या पडद्यावर का घेता येत नाही?

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण ऑपरेटिंग सिस्टिम. कॅमेरा, फाईल, पडदा यासाठी ॲप अँड्रॉइडकडे ज्या पद्धतीने मागणी करते, ती विंडोजला कळत नाही. दुसरे कारण प्रोसेसर. फोनमध्ये एआरएम पद्धतीचा प्रोसेसर असतो, तर बहुतेक संगणकांत इंटेल किंवा एएमडीचा. दोघांची आज्ञावली वेगळी. पाली तिपिटक सिंहली, थाई, बर्मी आणि देवनागरी लिपीत आहे. वचन तेच, पण ज्याला फक्त देवनागरी येते त्याला बर्मी पोथी वाचता येत नाही. तसेच हे.

कंपन्यांनी यावर प्रयत्न केले. २०१५ साली विंडोज १० बरोबर मायक्रोसॉफ्टने फोन आणि संगणकासाठी एकच ॲप ही कल्पना आणली, पण त्यांचे फोनच बाजारात टिकले नाहीत. पुढे विंडोज ११ वर अँड्रॉइड ॲप चालवण्याची सोय दिली आणि मार्च २०२५ मध्ये तीही बंद केली. गुगलच्या क्रोमबुकवर २०१६ पासून अँड्रॉइड ॲप चालतात. ॲपलने २०२० साली मॅकमध्ये स्वतःचा एआरएम प्रोसेसर बसवला, त्यामुळे आयफोनची अनेक ॲप तिथे चालतात, मात्र ॲप बनवणाऱ्याची परवानगी लागते. ब्लूस्टॅक्ससारखे एम्युलेटर संगणकातच नकली फोन उभा करतात, पण कमी रॅमच्या जुन्या संगणकाला तो भार पेलवत नाही.

म्हणजे ही सोय कंपनीच्या मर्जीवर आहे. आज मिळते, उद्या जाते. खरा टिकाऊ मार्ग ब्राउझरचा. वेबसाइट फोन, संगणक, विंडोज, लिनक्स असा भेद मानत नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचे छट्ठ संगायन तिपिटक आधी सीडीवर आले. आज ते वेबसाइटवर अनेक लिपींत कुणालाही वाचता येते.

आपल्या संस्था, मंडळे, प्रकाशकांनी हे लक्षात घ्यावे. वंदना, ग्रंथसूची, व्याख्याने यांसाठी ॲप जरूर करा, पण आधी साधी वेबसाइट करा. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या फोनवर अगम्य चिन्हे होऊन दिसतो आणि शोधताही येत नाही. चळवळीचे साहित्य एका ॲपमध्ये कोंडले, तर ॲप बंद पडल्यावर ते वाचकांच्या हातून जाईल.

विद्यार्थ्यांसाठी दोन सूचना. शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर नीट दिसत नसेल तर ब्राउझरच्या मेनूतील ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय वापरून पाहा. आणि सामायिक संगणकावर काम झाले की लॉगआउट कराच. व्हॉट्सॲप जोडले असेल तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तो संगणक काढून टाका.

बाबासाहेबांनी ग्रंथ सांभाळले ते वाचण्यासाठी. आपले ज्ञानही ज्याच्या हातात जे साधन असेल, त्यावर उघडले पाहिजे.